स्मोक अलार्म : किती, कुठे आणि कोणाच्या जबाबदारीवर

गाढ झोपेत असलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईल, यावर विसंबून राहता येत नाही. झोपेत नाक फारसे काम करत नाही, आणि आगीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू तर गुंगी आणखी वाढवतो. कान मात्र झोपेतही बऱ्याच अंशी जागे असतात, आणि घरातल्या स्मोक अलार्मची सगळी उपयुक्तता या एका गोष्टीवर उभी आहे. म्हणून अलार्म किती घ्यायचे, कोणत्या प्रकारचे घ्यायचे, कुठे लावायचे आणि कोणी तपासायचे, यांपैकी प्रत्येक प्रश्नाचा विचार रात्री दार लावून झोपलेल्या माणसाच्या उशीपासून सुरू करावा, असे मी आग्रहाने सांगेन. छतावर एक डबी दिसते आहे एवढ्याने नियमाची पूर्तता कदाचित होईल, पण बंद दाराआड झोपलेल्याला तिचा आवाज पोहोचला नाही तर ती असून नसल्यासारखीच आहे.

हाताशी असलेला वेळही पूर्वीइतका राहिलेला नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी मानक संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, भडकून पेटणाऱ्या आगीत घरातली हवा माणसाला असह्य होण्यास सरासरी सुमारे ३ मिनिटे लागली. १९७०च्या दशकातल्या तशाच चाचण्यांत हा अवधी सुमारे १७ मिनिटे होता. फोमच्या गाद्या, सोफे आणि कृत्रिम धाग्यांचे पडदे यांची आग फार वेगाने वाढते, हे या फरकामागचे एक मोठे कारण आहे. त्या ३ मिनिटांतला पहिला मिनिट मधल्या पॅसेजमधला अलार्म बेडरूमपर्यंत ऐकू येतो की नाही यात गेला, तर मुलांना उचलून बाहेर पडायला फारच थोडा अवधी उरतो.

नियम काय मागतात

देशोदेशीचे नियम शब्दांनी आणि कडकपणाने वेगवेगळे आहेत. अमेरिकेत ज्या संहितेचा आधार घेतला जातो, त्या ‘एनएफपीए ७२’नुसार झोपण्याच्या प्रत्येक खोलीत, झोपण्याच्या खोल्यांबाहेरच्या भागात आणि तळघर धरून घराच्या प्रत्येक मजल्यावर अलार्म असावा लागतो. स्कॉटलंडमध्ये १ फेब्रुवारी २०२२ पासून, मालक राहत असो वा भाडेकरू, प्रत्येक घराच्या मुख्य बैठकीच्या खोलीत आणि प्रत्येक मजल्यावरच्या पॅसेजमध्ये किंवा जिन्याच्या माथ्यावर स्मोक अलार्म, स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा हीट अलार्म, आणि हे सगळे एकमेकांना जोडलेले, अशी अट आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात विकल्या जाणाऱ्या आणि भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून प्रत्येक बेडरूममध्ये एकमेकांना जोडलेले फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशाच्या झोताने धूर ओळखणारे, अलार्म सक्तीचे झाले, आणि १ जानेवारी २०२७ पासून हीच अट तिथल्या उरलेल्या सर्व घरांना लागू होते. याउलट फ्रान्सचा ८ मार्च २०१५ पासूनचा नियम प्रत्येक घरात किमान एक अलार्म असला की समाधान मानतो.

आपले घर ज्या प्रशासनाच्या हद्दीत आहे तिथला नियम शोधून त्याचे तंतोतंत पालन करणे ही पहिली पायरी आहे, आणि ती टाळता येत नाही. पण नियमात लिहिलेली संख्या ही कमीत कमी संख्या असते, हे विसरू नये. जिथे कायदा एकाच अलार्मवर थांबतो किंवा काहीच सांगत नाही, तिथेही प्रत्येक बेडरूममध्ये एक, बेडरूमच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये एक आणि प्रत्येक मजल्यावर किमान एक, ही मांडणी करावी. दोन बेडरूमच्या एकमजली घराला त्यामुळे तीन अलार्म लागतात, आणि बैठकीची खोली पॅसेजपासून दूर असेल तर चार. यापेक्षा कमी अलार्ममध्ये भागवावे असे मला तरी कधी वाटलेले नाही.

नेमकी जागा कशी ठरवावी

गरम धूर वर चढतो, छताला टेकतो आणि छताखालून चारी बाजूंना पसरत जातो. त्यामुळे अलार्मची सर्वांत चांगली जागा म्हणजे छत, आणि तेही शक्यतो खोलीच्या मध्याकडे. छताला लावणे अशक्यच असेल तर भिंतीवर लावता येतो, मात्र अलार्मची वरची कड छतापासून ३० सेंटीमीटरच्या आत हवी. उतरत्या छताच्या खोलीत तो सर्वांत उंच टोकापासून ९० सेंटीमीटरच्या आत लावावा, पण अगदी टोकाच्या १० सेंटीमीटरमध्ये लावू नये, कारण त्या बेचक्यात हवा कोंडून राहते आणि धूर तिथे उशिरा शिरतो.

जिना हा आगीच्या दृष्टीने धुराड्यासारखा असतो. खालच्या मजल्यावरचा धूर सगळ्यांत आधी जिन्यातून वर येतो, म्हणून जिन्याच्या माथ्यावरचे छत ही जागा कधीही सोडू नये. तळघर असेल तर तिथला अलार्म वर येणाऱ्या पायऱ्यांजवळच्या छताला लावावा.

यानंतर टाळायच्या जागा. ओटा किंवा शेगडी यांच्यापासून अलार्म किमान ३ मीटर दूर असावा. हे अंतर कमी पडले की फोडणीच्या धुराने तो रोज वाजतो, आणि रोज वाजणारा अलार्म काही दिवसांत कोणीतरी काढून ठेवतो; म्हणजे चुकीची जागा ही पुढे अलार्म नसण्यात बदलते. लहान घरात ३ मीटर मिळत नसतील तर तिथे फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा, काही मिनिटे शांत करण्याचे बटण असलेला अलार्म घ्यावा, आणि खुद्द स्वयंपाकघरात हीट अलार्म लावावा. हीट अलार्म धुराकडे पाहत नाही. घरगुती प्रकारचे बहुतेक हीट अलार्म हवेचे तापमान सुमारे ५७ ते ५८ अंश सेल्सिअसवर गेले की वाजतात. म्हणूनच तो स्वयंपाकघरापुरताच ठीक आहे, बेडरूममध्ये स्मोक अलार्मची जागा तो घेऊ शकत नाही. आंघोळीच्या खोलीच्या दारापासून, पंख्याच्या पात्यांच्या टोकांपासून आणि एसीची हवा जिथून बाहेर पडते त्या जाळीपासून प्रत्येकी किमान ९० सेंटीमीटर अंतर ठेवावे. वाफेमुळे तो उगाच वाजतो, आणि वाहत्या हवेमुळे गरजेच्या वेळी धूर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. यांतली दुसरी अडचण जास्त गंभीर आहे, कारण ती कोणाच्या लक्षातच येत नाही.

सगळे अलार्म लावून झाले की ऐकण्याची परीक्षा घ्यावी, आणि हे काम दोघांनी मिळून करावे. एकाने बेडरूममध्ये जाऊन दार पूर्ण बंद करावे, रात्री जसा असतो तसा पंखा किंवा एसी चालू करावा आणि पलंगावर आडवे व्हावे. दुसऱ्याने घराच्या सर्वांत दूरच्या टोकाला असलेल्या अलार्मचे चाचणीचे बटण दाबून धरावे. मानकांनुसार अलार्मचा आवाज ३ मीटर अंतरावर सुमारे ८५ डेसिबल असतो, पण एक बंद दार आणि एक वळण मध्ये आले की तो किती विझतो, हे उशीवर डोके ठेवूनच कळते. जाग्या माणसाला जेमतेम ऐकू येणारा आवाज झोपलेल्या मुलाला उठवणार नाही, असे समजून चालावे.

कोणत्या प्रकारचा घ्यावा

बाजारात मुख्यतः दोन तंत्रांचे अलार्म मिळतात. आयोनायझेशन प्रकारात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी द्रव्याचा अत्यल्प अंश असतो. त्यामुळे आतल्या दोन पट्ट्यांमधील हवेतून अगदी क्षीण वीजप्रवाह वाहत राहतो, आणि धुराचे कण आत शिरताच तो घटतो. फोटोइलेक्ट्रिक प्रकारात अंधाऱ्या कप्प्यात प्रकाशाचा एक झोत सोडलेला असतो आणि प्रकाश टिपणारा भाग त्या झोताच्या वाटेपासून बाजूला असतो. धूर आत आला की प्रकाश विखुरून त्या भागावर पडतो आणि अलार्म वाजतो. ज्वाळांनी भडकणारी, बारीक कणांची आग पहिला प्रकार थोडी लवकर ओळखतो. गादीवर पडलेल्या ठिणगीने किंवा तापलेल्या वायरने तासन्‌तास धुमसणारी आग मात्र दुसरा प्रकार बहुतेक वेळा बराच आधी ओळखतो.

घर झोपलेले असताना लागणारी धोक्याची आग अनेकदा आधी धुमसते, म्हणून बेडरूम आणि पॅसेज यांसाठी मी फोटोइलेक्ट्रिकच सुचवेन. दोन्ही तंत्रे एकत्र असलेले अलार्म घेण्यासही हरकत नाही. खरेदी करताना खोक्यावर आणि खुद्द अलार्मवर मान्य मानकाची खूण पाहावी : युरोपात ईएन १४६०४, ऑस्ट्रेलियात एएस ३७८६, अमेरिकेत यूएल २१७. यूएल २१७च्या आठव्या आवृत्तीपासून फोमच्या धुमसत्या आणि पेटत्या आगीच्या चाचण्या, तसेच स्वयंपाकाच्या धुराने उगाच न वाजण्याची चाचणी घेतली जाते, त्यामुळे त्या आवृत्तीनुसार बनलेला अलार्म मिळत असल्यास तोच घ्यावा.

स्मोक अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. घरात गॅसचा गिझर, बॉयलर किंवा लाकूड-कोळसा जाळणारी शेगडी असेल तर त्यासाठी वेगळा किंवा दोन्ही कामे करणारा जोड अलार्म लागतो. दोघांचा आवाजही ओळखून ठेवावा. अनेक देशांत आता रूढ असलेल्या पद्धतीत धुरासाठी तीन ठोके, मग थोडा खंड, पुन्हा तीन ठोके असा क्रम असतो, तर कार्बन मोनॉक्साइडसाठी चार जलद ठोके आणि मग लांब खंड असतो.

घरात कोणाला कमी ऐकू येत असेल तर नेहमीचा अलार्म पुरेसा नाही. नेहमीचा आवाज सुमारे ३००० हर्ट्झ इतका उंच, चिरका असतो, आणि वयोमानाने कमी ऐकू येऊ लागते ते बहुधा याच उंच पट्टीतले. ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला आवाज अशा व्यक्तींना, तसेच लहान मुलांना, जास्त खात्रीने जागे करतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. ऐकूच येत नसेल तर उशीखाली ठेवायचे थरथरणारे पॅड आणि झगझगीत लुकलुकणारा दिवा असलेली यंत्रणा मिळते.

वीज आणि आपसातील जोडणी

घर बांधताना किंवा मोठे काम काढताना घरच्या विजेवर चालणारे, आत बॅटरीची सोय असलेले अलार्म बसवून घ्यावेत. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचेच आहे. अलार्मची लाइन रोज वापरातल्या दिव्यांच्या सर्किटवर घेतली तर एक फायदा होतो : सर्किट बंद पडले की दिवेही जातात, आणि दोष त्याच दिवशी समजतो. राहत्या घरात भिंती फोडायच्या नसतील तर १० वर्षे टिकणाऱ्या, सीलबंद लिथियम बॅटरीचे अलार्म हा उत्तम पर्याय आहे, आणि भाड्याच्या घरासाठी तर मी तोच सुचवेन, कारण त्यातली बॅटरी कोणाला दुसऱ्या कामासाठी काढून घेता येत नाही.

जोडणी म्हणजे एक अलार्म वाजला की घरातले सगळे वाजणे. ती वायरने करता येते किंवा रेडिओ लहरींनी. दुमजली घरात आणि दार लावून झोपण्याची सवय असलेल्या घरात ही चैनीची गोष्ट समजू नये. फक्त निरनिराळ्या कंपन्यांचे अलार्म एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून सगळे एकाच कंपनीचे आणि जोडणीसाठी सुसंगत असल्याची खात्री करून घ्यावी.

घर भाड्याने देताना

भाड्याने घेतलेल्या एका घरात राहायला गेलो तेव्हा पॅसेजच्या छताला फक्त पांढरी गोल बैठक दिसत होती, अलार्म नव्हता. तो दोन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या सर्वांत खालच्या खणात, पडद्याच्या कड्यांखाली सापडला. बॅटरीचे झाकण उघडे होते, आत बॅटरी नव्हती, आणि पाठीवर छापलेली उत्पादनाची तारीख १४ वर्षांपूर्वीची होती. विचारल्यावर घरमालकांना खरोखर आश्चर्य वाटले. बॅटरी बदलणे भाडेकरूचे काम, असे ते धरून चालले होते. आधीच्या भाडेकरूने तो रात्री टिकटिक करतो म्हणून उतरवला होता आणि दुरुस्ती मालक करतील असे धरले होते. दोघांच्याही मनात वाईट काही नव्हते, आणि तरीही कित्येक महिने त्या घरात माणसे अलार्मशिवाय झोपत होती.

यावर उपाय म्हणजे कोणते काम कोणाचे, हे भाडेकरारात नेमक्या शब्दांत लिहिणे. कायदे ही वाटणी वेगवेगळ्या प्रकारे करतात. इंग्लंडमध्ये राहण्याची खोली असलेल्या प्रत्येक मजल्यावर अलार्म देणे आणि भाडेकरार सुरू होण्याच्या दिवशी तो चालू असल्याची तपासणी करणे मालकाकडे आहे, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून भाडेकरूने बिघाड कळवल्यावर तो दुरुस्त करणे किंवा बदलून देणेही मालकावर बंधनकारक आहे. क्वीन्सलँडमध्ये भाडेकरार सुरू होण्याआधीच्या ३० दिवसांत मालकाने प्रत्येक अलार्म तपासून स्वच्छ करायचा असतो, तर भाडेकरूने राहत असताना किमान १२ महिन्यांतून एकदा. फ्रान्समध्ये अलार्म देतो मालक, आणि त्याची निगा राखतो राहणारा. कायद्याने मालकावर टाकलेले कर्तव्य करारातल्या एखाद्या कलमाने भाडेकरूच्या गळ्यात घालता येत नाही, हे मालकांनी लक्षात ठेवावे.

करारात किमान एवढे असावे की अलार्म बसवणे, मुदत संपल्यावर बदलणे आणि बिघाड दूर करणे ही मालकाची कामे आहेत. दरमहा बटण दाबून पाहणे, बिघाड लगेच लेखी कळवणे आणि अलार्म न काढणे, न झाकणे, न रंगवणे ही भाडेकरूची. बिघाड कळल्यापासून किती तासांत अलार्म चालू करून देणार, हेही मालकाने लिहून द्यावे. ही गळक्या नळासारखी पुढच्या आठवड्यावर ढकलण्याची दुरुस्ती नाही, त्यामुळे मी २४ तासांची मुदत योग्य मानतो.

किल्ल्या देण्याच्या दिवशी मालकाने भाडेकरूला सोबत घेऊन प्रत्येक खोलीत जावे, प्रत्येक अलार्मचे बटण त्याच्याच हाताने दाबवून घ्यावे, आणि एका कागदावर खोलीचे नाव, अलार्मचा प्रकार, उत्पादनाची तारीख, बदलण्याचे वर्ष आणि चाचणीचा निकाल लिहून दोघांनी सही करावी. दहा मिनिटांचे हे काम पुढे वाद झाला तर मालकाचा सर्वांत भक्कम पुरावा ठरते, आणि भाडेकरूलाही आपल्या घरात नेमके काय आहे ते कळते. घरात कोणाला कमी ऐकू येते का, हे याच वेळी आपुलकीने विचारावे. लोक स्वतःहून सांगत नाहीत. एकाच घरातल्या खोल्या वेगवेगळ्या माणसांना दिल्या असतील तर प्रत्येक खोलीत जोडलेला अलार्म हवाच, कारण शेजारच्या बंद, कुलूपबंद खोलीत लागलेली आग इतरांना दिसणार नसते. अशा घरांना अनेक ठिकाणी वेगळे आणि अधिक कडक नियम असतात.

तपासणी, टिकटिक आणि मुदत

महिन्यातून एकदा बटण दाबावे. महिन्याचा एक ठरलेला दिवस धरला की विसर पडत नाही. बटण दाबल्याने बॅटरी, भोंगा आणि आतली यंत्रणा चालू असल्याचे कळते. काडी पेटवून किंवा कागद जाळून कधीही चाचणी घेऊ नये; काजळी आत बसते आणि आग लागण्याचा धोका वेगळाच. खरा धूर आत शिरतो का हे पाहायचे असेल तर खास त्यासाठी बनवलेला, उत्पादकाने मान्य केलेला स्प्रे वापरावा. वर्षातून एकदोनदा व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने बाहेरच्या फटी साफ कराव्यात, कारण धूळ आणि बारीक कीटक आत जाऊन अलार्म उगाच वाजतो. भिंती घासण्याचे किंवा रंगाचे काम चालू असताना तो तात्पुरता झाकावा आणि काम संपल्याच्या संध्याकाळी झाकण न विसरता काढावे. कीटकनाशकाचा फवारा त्याच्या आसपास मारू नये.

साधारण अर्ध्या ते एका मिनिटाला येणारी एकच बारीक टिक म्हणजे बॅटरी संपत आल्याची खूण. ती बहुधा पहाटेच का सुरू होते, याचे कारण साधे आहे : रात्री खोली थंड होते, थंडीत बॅटरीचा दाब किंचित उतरतो आणि दिवसा जेमतेम पुरणारी बॅटरी धोक्याच्या रेषेखाली जाते. त्या वेळी चिडून बॅटरी काढून ठेवली की अलार्म मुका होतो. म्हणून जादा बॅटरी घरात असावी, आणि सीलबंद अलार्म टिकटिकू लागला तर त्याच दिवशी अख्खा अलार्म बदलावा.

बटण दाबल्यावर व्यवस्थित वाजणारा जुना अलार्मही धूर ओळखेलच असे नाही, कारण आतला संवेदक वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि झिजेने मंद होतो. उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षांनी, किंवा उत्पादकाने त्याआधीची मुदत दिली असेल तर तेव्हा, तो बदलावा. विकत घेतल्याची किंवा बसवल्याची तारीख इथे धरायची नाही. आयोनायझेशन प्रकारचा जुना अलार्म उघडू, फोडू किंवा जाळू नये, आणि तो कुठे परत द्यायचा याविषयी स्थानिक नियम पाहावा. नवा अलार्म शिडीवरून छताला अडकवण्याआधी त्याच्या कडेवर बदलण्याचे वर्ष जाड पेनाने मोठ्या आकड्यांत लिहावे, म्हणजे खाली उभे राहून कोणालाही, मालकाला आणि भाडेकरूलाही, ते वाचता येते.